लोकशाही हवी, पण किती?

हुबळी आणि धारवाड या दोन शहरांत एक जुने, बरेचसे गोड असे भांडण आहे. धारवाड हे विद्येचे, पेढ्यांचे आणि रिमझिम पावसाचे गाव. हुबळी ही कापसाची, व्यापाराची आणि रेल्वेच्या कारखान्याची पेठ. मराठी श्रोत्यांना धारवाड माहीत असते ते जी. ए. कुलकर्णी यांच्यामुळे, किंवा घरी मराठी बोलून कन्नडात काव्य लिहिणाऱ्या द. रा. बेंद्रे यांच्यामुळे. हुबळी मात्र बहुतेकांना गाडी बदलताना भेटते. दोन्हींमध्ये अंतर सुमारे वीस किलोमीटरांचे. तरीही १९६२ साली या दोन शहरांना एका महापालिकेच्या छत्राखाली आणण्यात आले, आणि तेव्हापासून त्यांचा संसार जोडीनेच चालू राहिला. लोकशाही अधिक असावी की उणी, या प्रश्नाचा विचार करायचा तर अथेन्सपर्यंत जाण्याचे कारण नाही. या जोडशहरात तो प्रश्न नळाच्या तोटीशी आणि गटाराच्या झाकणाशी येऊन उभा राहिला आहे.

सुशिक्षितांच्या बैठकीत हल्ली एक विधान वारंवार ऐकू येते, ते असे की लोकशाही फार झाली. दर वर्षी कुठली ना कुठली निवडणूक. प्रत्येक निवडणुकीत जातीची गणिते आणि पैशाची उधळण. आणि एवढे करून रस्त्यावरचा खड्डा होता तेथेच. त्यापेक्षा एखादा कर्तबगार अधिकारी दहा वर्षे बसवावा, त्याला मोकळा हात द्यावा, आणि मग शहराचे रूप कसे पालटते ते पाहावे. असे बोलणारी माणसे दुष्ट नसतात. त्यांतील बरीचशी प्रामाणिक, करभरणा करणारी आणि रांगेत उभी राहणारी असतात. त्यांचा त्रागा खरा आहे. म्हणूनच तो चार टाळ्यांच्या वाक्यांनी उडवून लावणे योग्य नाही. तो अनुभवाच्या कसोटीवर घासून पाहिला पाहिजे.

आणि तसा अनुभव हुबळी-धारवाडला आलेला आहे. २०१३ साली निवडून आलेल्या महापालिकेची मुदत २०१९ च्या मार्च महिन्यात संपली. राज्यघटनेच्या २४३-यू या अनुच्छेदाप्रमाणे नगरपालिकेची मुदत पाच वर्षांची, आणि ती संपण्यापूर्वीच पुढची निवडणूक पुरी झाली पाहिजे. हा काही पवित्र हेतूचा उद्गार नव्हे. ती स्पष्ट आज्ञा आहे. २००६ साली अहमदाबाद महापालिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तिचा उच्चार पुन्हा एकदा ठामपणे केला होता. तथापि येथे प्रभागांची संख्या ६७ वरून ८२ करायची होती, त्यांच्या सीमा आखायच्या होत्या, आरक्षण ठरवायचे होते. त्यावर तक्रारी झाल्या, न्यायालयीन वाद झाले. आणि मग महामारी आली. मतदान झाले ते २०२१ च्या ३ सप्टेंबरला. एवढ्यानेही संपले नाही. निवडून आलेल्या सदस्यांना महापौराच्या निवडीसाठी २०२२ च्या मे महिन्यापर्यंत ताटकळत राहावे लागले. म्हणजे २०११ च्या जनगणनेत सुमारे साडेनऊ लाख लोकसंख्या असलेल्या शहरात तीन वर्षांहून अधिक काळ लोकांनी निवडलेली सभा बसलीच नाही. कारभार सरकारने नेमलेल्या प्रशासकाच्या हाती होता. उण्या लोकशाहीचा हा प्रयोगच म्हणायचा, फरक एवढाच की त्याला प्रयोग असे कोणी म्हटले नाही.

या प्रयोगाचे फळ काय? येथे न्यायाने बोलले पाहिजे. शहर बुडाले नाही. झाडू मारणारे झाडू मारीत राहिले, नळाला पाणी येत राहिले, जन्म-मृत्यूचे दाखले मिळत राहिले. महामारीच्या काळात सरकारी सेवकांनी जिवावर उदार होऊन कामे केली, ती कोणत्याही ठरावाची वाट न पाहता. सभागृहातील रोजची बाचाबाची बंद झाल्यामुळे काही नागरिकांना हायसे वाटले असल्यास नवल नाही. प्रशासकाच्या राज्यात सर्वनाश होतो असे सांगणारा लोकशाहीभक्त आपल्याच पक्षाचे नुकसान करतो. कारण ऐकणारा खिडकीतून बाहेर पाहतो आणि त्याला सर्वनाश दिसत नाही.

दिसत नाही ते निराळेच असते. तुंबलेल्या गटाराचे पाणी उंबऱ्याशी आलेल्या गृहिणीने जावे कोणाकडे? अर्ज करता येतो, दूरध्वनी करता येतो, तक्रारीचा क्रमांकही मिळतो. पण क्रमांक म्हणजे माणूस नव्हे. नगरसेवक हा प्राणी फारसा विद्वान नसेल, त्याच्या भाषणात व्याकरणाच्या चुका असतील, त्याच्या गाडीची काच अंमळ जास्तच काळी असेल. परंतु सकाळी सात वाजता तो चहाच्या दुकानापाशी सापडतो, आणि पुढच्या निवडणुकीत आपल्याला याच गल्लीतून हात जोडीत जायचे आहे ही जाणीव त्याला असते. अधिकाऱ्याची बदली होते. नगरसेवकाची होत नाही. त्याचा पराभव होतो, आणि तो करणे गल्लीच्या हातात असते. लोकशाहीच्या थोरवीचे ग्रंथ पुष्कळ आहेत, पण पराभवाच्या भीतीने सकाळी सात वाजता धावणारा माणूस ही तिची खरी यंत्रणा आहे, आणि ती फार मोठ्या शब्दांत सांगण्यासारखी नाही म्हणून बहुधा सांगितली जात नाही.

पाण्याचीच गोष्ट घ्यावी. या जोडशहराला पाणी येते ते मुख्यतः मलप्रभेवरील सौंदत्तीजवळच्या धरणातून, आणि काही अंशी नीरसागर तलावातून. कित्येक वर्षे येथील लोकांना चार-पाच दिवसांआड, उन्हाळ्यात त्याहूनही उशिरा पाणी मिळत आले. पिंपे, हंडे, कळश्या यांनी भरलेली स्वयंपाकघरे ही येथील ओळखीची खूण. जागतिक बँकेच्या साहाय्याने २००४ नंतर एक योजना आली. हुबळी, धारवाड, बेळगाव आणि गुलबर्गा येथील काही निवडक भागांत चोवीस तास पाणी देऊन दाखवायचे, असा तिचा संकल्प होता. एका फ्रेंच कंपनीकडे काम सोपविण्यात आले, नवे नळ टाकले गेले, मीटर बसले, आणि आश्चर्य असे की ते साधले. आपल्या देशात चोवीस तास पाणी अशक्य आहे म्हणणाऱ्यांची तोंडे बंद झाली. परदेशी संशोधकांनी येथे येऊन दोन्ही प्रकारच्या नळांतील पाणी तपासले, तेव्हा अखंड पुरवठ्याचे पाणी जंतूंच्या दृष्टीने पुष्कळच निर्मळ असल्याचे आढळले. कारण उघड आहे. नळ रिकामा राहिला की बाहेरची घाण आत शिरते. भरलेल्या नळात ती शिरू शकत नाही.

तज्ज्ञांच्या राज्याचा कैवार घेणाऱ्यांना याहून चांगले उदाहरण मिळणार नाही, आणि ते त्यांनी जरूर घ्यावे. परंतु ते तेथेच सोडू नये. चोवीस तासांचे पाणी मिळाले ते शहरातील सुमारे दहांपैकी एका माणसाला. उरलेले नऊ जण पिंपे भरीतच राहिले, आणि त्यांचीही वर्षे मोजायला हवीत. कोणत्या वस्तीत आधी, कोणत्या वस्तीत नंतर? मीटरचा दर किती, आणि ज्याच्या घरी एकाच खोलीत आठ माणसे राहतात त्याला तोच दर लावायचा काय? सार्वजनिक नळ काढून टाकले तर ज्याला घरजोडणी परवडत नाही त्याने काय करावे? नळातून पाणी कसे न्यावे हे अभियंता जाणतो. पहिल्यांदा कोणाकडे न्यावे हे अभियांत्रिकीच्या कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नाही. तो प्रश्न न्यायाचा आहे, आणि न्यायाच्या प्रश्नात ज्याची कळशी रिकामी आहे त्याचे मत मोजले गेले पाहिजे. ते न मोजता घेतलेला निर्णय चुकीचाच असतो असे नव्हे. तो बरोबर असला तरी परका असतो, आणि परक्या निर्णयाची वर्गणी लोक मनापासून भरीत नाहीत.

दुसरी एक गोष्ट याच काळात मुकाट्याने घडून आली. २०१६ साली या जोडशहराची स्मार्ट सिटी योजनेत निवड झाली. त्या योजनेचा नियमच असा की कामे महापालिकेने करायची नाहीत. त्यासाठी कंपनी कायद्याखाली एक स्वतंत्र कंपनी काढायची, आणि तिच्यात राज्य व महापालिका यांचे निम्मे निम्मे भांडवल असायचे. हुबळी आणि धारवाड यांच्यामध्ये राखीव मार्गावरून धावणाऱ्या त्या ‘चिगरी’ बसगाड्या, म्हणजे कन्नडात हरिणी, याही अशाच एका वेगळ्या कंपनीच्या हाती आल्या. २०१८ च्या ऑक्टोबरात त्या धावू लागल्या. गाड्या चांगल्या आहेत; विद्यार्थ्यांना आणि नोकरदारांना त्यांचा उपयोग आहे. आक्षेप गाड्यांवर नाही. प्रश्न असा की रस्त्याचा मधला भाग कोणाला द्यावा, थांबा कुठे असावा, वळण कुठे बंद करावे, असे निर्णय सभागृहाबाहेर गेले. आणि ज्या नगरसेवकाला लोक रस्त्यात अडवून जाब विचारीत, त्यालाही ‘ते आमच्याकडे नाही’ एवढेच उत्तर देता येऊ लागले. लोकशाही अशा रीतीने उणी होते. तिच्यावर रणगाडे चालून येत नाहीत. एक खाते येथून उचलून तेथे ठेवले जाते, आणि त्या खात्याच्या दारावर मतदाराचे नाव नसते.

त्यात भर अशी की कर्नाटकातील महापालिकांत महापौराची मुदत अवघी एका वर्षाची. त्याला किंवा तिला फायलींची ओळख होते न होते तोच निरोपाचा हार तयार असतो. आयुक्त सरकारचा, पैसा बव्हंशी सरकारचा, मुदत बारा महिन्यांची. आणि मग विचारले जाते, तुमच्या लोकशाहीने केले काय? हात बांधून पोहायला सोडलेल्याला बुडाल्याबद्दल दोष द्यावा तशातला हा प्रकार आहे.

या संस्थांचा आरंभच मुळी असा अर्ध्या मनाने झाला. हुबळीची नगरपालिका १८५५ ची आणि धारवाडची १८५६ ची. दोन्ही तेव्हा मुंबई इलाख्यात होत्या, पुण्या-सोलापूरच्या नगरपालिकांच्या भावंडांसारख्या. त्यांत लोकांचे असे फार थोडे होते. कलेक्टर आणि त्याचे नेमलेले सभासद, एवढाच परिवार. १८८२ साली लॉर्ड रिपन यांनी स्थानिक स्वराज्याचा प्रसिद्ध ठराव केला, तेव्हा त्यांनी एक गोष्ट मोकळेपणाने मान्य केली होती. कारभार लगेच सुधारेल म्हणून हे करावयाचे नाही. लोकांना राजकीय शिक्षण मिळावे म्हणून करावयाचे. आरंभी चुका होतील, हे त्यांनी गृहीत धरले होते. परकी सत्तेच्या प्रतिनिधीला जे कळले होते ते स्वकीयांना कधी कधी कळत नाही, ही मौजेची गोष्ट आहे. त्याच सुमारास पुण्याच्या नगरपालिकेत महात्मा जोतीराव फुले सभासद होते, तेही नेमलेलेच. व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतासाठी सार्वजनिक पैसा खर्चण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा विरोधात एकट्या फुल्यांचे मत पडले. प्रस्ताव अर्थातच संमत झाला. पण सभागृह होते म्हणून ते एक मत इतिहासात उरले. प्रशासकाच्या दालनात विरोधी मताची नोंद करण्याची सोयच नसते.

येथे आणीबाणीची आठवण निघणे स्वाभाविक आहे. १९७५ ते १९७७ या काळात रेल्वेगाड्या वेळेवर धावत, असे सांगणारे वृद्ध अजूनही भेटतात, आणि हुबळीसारख्या रेल्वेच्या गावात तर त्या बोलण्याला विशेष गोडी. १९७७ च्या मार्चमध्ये उत्तर हिंदुस्थानातील मतदाराने त्या वक्तशीरपणाची किंमत सरकारच्या पदरात घातली, हे सर्वश्रुत आहे. मात्र प्रामाणिकपणे हेही सांगितले पाहिजे की कर्नाटकाने तसे केले नाही. येथील २८ पैकी २६ जागा त्या वेळीही काँग्रेसलाच मिळाल्या. मतदार सर्वत्र एकच धडा गिरवतो असे समजणे भाबडेपणाचे आहे.

परंतु त्याच कर्नाटकात पुढे दहा वर्षांच्या आत लोकशाही वाढविण्याचा देशातील एक अत्यंत धाडसी प्रयत्न झाला. अब्दुल नझीर साब हे ग्रामविकासमंत्री असताना, १९८३ च्या कायद्याने जिल्हा परिषदा आणि मंडल पंचायती यांना खरी सत्ता देण्यात आली, आणि १९८७ च्या जानेवारीत त्यांच्या निवडणुका झाल्या. स्त्रियांना चतुर्थांश जागा राखून ठेवलेल्या होत्या, आणि तेही त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीच्या कितीतरी आधी. कूपनलिका खोदण्याच्या ध्यासामुळे लोक या मंत्र्यांना कौतुकाने ‘नीर साब’ म्हणत. हजारो स्त्रिया प्रथमच खुर्चीवर बसल्या; काहींच्या मागे नवरे उभे राहिले, काहींनी नवऱ्यांना बाहेर बसविले. आणि मग काय झाले? १९९२ मध्ये मुदत संपली, निवडणुका लांबल्या आणि प्रशासक आले. ज्या राज्याने देशाला वाट दाखविली तेच राज्य त्या वाटेवर वारंवार थबकते. जिल्हा आणि तालुका पंचायतींच्या २०१६ साली निवडून आलेल्या सभासदांची मुदत २०२१ मध्ये संपली, आणि पुढच्या निवडणुका वर्षानुवर्षे लांबल्या. महाराष्ट्रानेही फार हसू नये. मुंबई महापालिकेची मुदत २०२२ च्या मार्चमध्ये संपली, आणि राज्यातील रखडलेल्या निवडणुका घ्या असे २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले.

एवढे म्हटल्यावर उत्तर सोपे वाटू लागते की लोकशाही अधिक हवी. पण अधिक म्हणजे काय, याचा उलगडा करू गेले की पायाखालची वाळू सरकते. अधिक मतदान म्हणजे अधिक न्याय नव्हे. स्वित्झर्लंडात प्रत्येक बारीकसारीक गोष्टीवर जनतेचा कौल घेतात. त्याच देशात राष्ट्रीय निवडणुकीत मत देण्याचा हक्क स्त्रियांना मिळायला १९७१ साल उजाडले, कारण कौल पुरुषांचा घेतला जात होता. बहुमत नेहमी कोणत्या तरी वर्तुळातले असते, आणि वर्तुळ कोण आखतो हा प्रश्न बहुमताच्या आधीचा आहे. सीमाभागातील मराठी माणसाला हे शिकवायला नको. २००५ साली बेळगाव महापालिकेने सीमाप्रश्नावर ठराव केला. शहराच्या सभागृहात त्याला बहुमत होते. राज्याच्या वर्तुळात ते बहुमत अल्पमत ठरले, आणि सरकारने महापालिकाच बरखास्त केली. दोन्ही पक्षांच्या ओठांवर शब्द लोकशाहीचाच होता. डॉ. आंबेडकरांनी संविधान सभेत १९४८ मध्ये गावगाड्याविषयी काढलेले कठोर उद्गार पुष्कळांना तेव्हा खटकले होते. पण सत्ता खाली नेली की ती आपोआप दुबळ्याच्या हाती पडते, या समजुतीवरचा तो प्रहार होता, आणि गावकुसाबाहेर जन्म काढलेल्याला तो समजावून सांगावा लागत नव्हता.

म्हणून किती, या प्रश्नाचे उत्तर वजनकाट्यावर मिळत नाही. तज्ज्ञाला तज्ज्ञाचे काम करू द्यावे. पाण्यातील जंतू मतदानाने मरत नाहीत. न्यायाधीशाने बहुमताकडे पाहू नये. पण कोणाचे काम आधी, कोणावर किती कर, कोणती जागा कोणासाठी, हे ठरविणाऱ्याला लोकांनी घरी बसविता आले पाहिजे, आणि ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या मुदतीला बसविता आले पाहिजे. निवडणूक चुकेल, निवडलेला माणूस चुकेल. निवडणुकीची तारीख चुकता कामा नये. २०२१ च्या त्या उशिराच्या मतदानाला निम्म्याहून थोडेच अधिक मतदार बाहेर पडले. त्याला केवळ औदासीन्य म्हणावे काय? अडीच वर्षे ज्यांच्या मताची कोणाला गरज भासली नाही, त्यांना एका सकाळी एकाएकी आपल्या मताचे मोल वाटावे ही अपेक्षा जरा जास्तच आहे.

आणि आता हे जोडशहरच वेगळे होण्याच्या वाटेला लागले. धारवाडकरांची तक्रार जुनी आहे की ८२ प्रभागांपैकी आपले जेमतेम २६, महसुलाची आणि कामांची वाटणी हुबळीच्या सोयीने होते, आणि सभागृहात आपला आवाज कायमचा तिसऱ्या हिश्श्याचाच राहणार. हुबळीकरांचे म्हणणे असे की मोठ्या शहराला मोठा निधी मिळतो. फूट पडली तर दोघेही लहान होतील. २०२५ च्या जानेवारीत राज्य मंत्रिमंडळाने धारवाडसाठी स्वतंत्र महापालिकेस मान्यता दिली. लोकशाही लोकांच्या अधिक जवळ गेली असे धारवाडात म्हटले जाते. पण हाती पैसा किती आणि अधिकार किती, यावर ते अवलंबून राहणार. मलप्रभेचे पाणी दोन्ही शहरांत एकाच योजनेतून येते, चिगरी एकाच मार्गावरून धावते, कचऱ्याचे डोंगर, निवृत्त सेवकांची वेतने आणि ठेकेदारांची देणी यांनाही सीमा कळत नाही. वाटणीचा हा हिशेब कोणत्या तरी टेबलावर मांडला जाईल. त्या टेबलाभोवती केवळ अधिकारी बसणार, की मलप्रभेच्या पाण्याची चार-चार दिवस वाट पाहणाऱ्या वस्त्यांनी निवडलेली माणसेही बसणार, याची विचारणा दोन्ही शहरांतील नागरिकांनी आताच केलेली बरी. एकदा पाइपावर कुलूप पडले की किल्ली कोणाकडे आहे हे शोधण्यात उन्हाळा निघून जातो.